एक ग्रॅमची बाटली आणि चारदा टोकलेली सरकी

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला देशी कापूस घेतला. त्याच्या पेशीत 26 गुणसूत्रं, आपल्याकडं रानोमाळ दिसणाऱ्या बीटी कापसात 52. कोल्चिसिन लावून देशीची 26 ची 52 करायची. पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन टोकांना ओढणारे धागेच हे औषध बनू देत नाही. संच दुप्पट होतो, पेशी एकच राहते. 1937 पासून जगभर हे चालू आहे. आमच्या कॉलेजात बाटली यायला 71 दिवस लागले.

मागणी जूनमध्ये दिली. तीन कोटेशनं लागतात. आणली, तर एकात स्पेलिंगच्या शेवटचा 'ई' गळालेला, म्हणून फॉर्म परत. मग विषारी रसायनांच्या रजिस्टरवर सरांची सही हवी, आणि सर पेपर तपासायला बाहेरगावी. इकडं सरकी उगवून पहिली दोन दलं उघडली की लगेच शेंड्याला औषध लागतं, रोप वाढलं की उपयोग नाही. पुन्हा सरकी टोकली, पुन्हा वाढून गेली. पहिल्या खेपेच्या झाडांना पात्या, म्हणजे फुलांच्या कळ्या, धरल्या तरी बाटलीचा पत्ता नाही.

स्टोअरचे मामा म्हणाले, "ताई, आमच्या साडूला गाऊटवर ह्याच नावाच्या गोळ्या आहेत. मेडिकलातून आणा की!"

श्रावणात गावी, बालाघाटात गेले, तर बांधावर कळलावी फुललेली. तिच्या कंदात, बियांत हेच कोल्चिसिन! फूल तोडायला वाकले तशी आजी ओरडली, "हात नको लावू, इखारी हाय ती!"

बाटली आली. 0.1 टक्का द्रावण, कापसाचा बोळा, तीन दिवस सकाळ-संध्याकाळ. 60 रोपांतली 23 मेली. हातमोजे घालाच, हे आधी सांगायला हवं होतं.

पुढं मी आठवडाभर मुळांची टोकं तपासत बसले. औषध शेंड्याला लावलेलं, मुळं 26 चीच राहणार! मॅडम नुसत्या हसल्या. तुम्ही आधी पानाच्या पाठीला नेलपॉलिश लावा, वाळल्यावर चिकटपट्टीनं सोला आणि पर्णरंध्रं बघा. दुप्पट झाडाची ठसठशीत मोठी दिसतात. मग कोवळ्या पातीतले परागकोश घेऊन गुणसूत्रं मोजा.

चार झाडं निघाली. पानं जाड, काळपट हिरवी, बोंडं मात्र मोजकीच. एकसारखी चार-चार गुणसूत्रं एकमेकांत गुंततात, बराच पराग वांझ निघतो.

बाटलीत अजून निम्मं औषध आहे. काढायचं तर पुन्हा रजिस्टर, पुन्हा सही.