बांधाच्या आतलं गाव

स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला, सदरलँडमध्ये, नेव्हर नदीचं खोरं आहे. त्याला स्ट्रॅथनेव्हर म्हणतात. एका वेळी एकच गाडी जाईल एवढा रस्ता, दोन्ही बाजूंना हीदर नावाची तपकिरी खुरटी झुडपं, वर बोडके डोंगर, आणि मैलोन्‌मैल घर नाही. येणारे पाहुणे 'माणसाचा हात न लागलेला निसर्ग' म्हणून फोटो काढतात. मला ते ऐकवत नाही. या जमिनीवर माणसाचा हात कुठे कुठे लागलाय ते शोधणं हेच माझं काम आहे.

मी डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व शिकलो आणि आता इकडे नव्या वृक्षलागवडीआधीचं पायी सर्वेक्षण करतो. रोपं लावण्यापूर्वी इथे यंत्राने जमीन उकरून मातीचे ढीग घालतात. ते यंत्र एकदा फिरलं की खाली जे काही असेल ते गेलंच. म्हणून त्याच्या आधी आम्ही जायचं, शिवार तुडवायचं, दगडांची प्रत्येक ओळ जीपीएसवर घ्यायची आणि कुठे झाडं नकोत ते लिहून द्यायचं.

हा दिवस मार्चमधला. मार्च आम्ही मुद्दाम निवडतो. गवत आखूड असतं, कमरेएवढा वाढणारा ब्रॅकन नावाचा नेचा वाळून आडवा झालेला असतो, आणि ऊन इतकं तिरपं पडतं की वीतभर उंचवट्याचीही सावली दिसते. जागा होती स्ट्रॅथनेव्हरला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठची. काम अजून चालू आहे, त्यामुळे नाव देत नाही. सोबत लागवडीचा आराखडा करणारी तरुण अधिकारी होती, आणि त्याच डोंगरावर मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेले सत्तरीचे एक गृहस्थ.

आराखड्यात तीन ठिपके होते. तीन पडकी घरं, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याच्या, मैलाला सहा इंच मापाच्या जुन्या नकाशावरून उचललेली. त्या नकाशात छप्पर असलेलं घर भरीव दाखवत आणि नसलेलं नुसत्या रेषांनी. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोजणीदार इथे पोचले तेव्हाच ही घरं उघडी पडलेली होती. प्रत्येक ठिपक्याभोवती 20 मीटरचं वर्तुळ राखून बाकी सगळीकडे बर्च आणि पाइन लावायचे होते.

"आधी त्या हिरव्याकडे चला," मेंढपाळ म्हणाले.

तपकिरी उतारावर खरोखरच एक हिरवा पट्टा होता. इथे एक म्हण आहे: ब्रॅकनखाली सोनं, गॉर्स या काटेरी झुडपाखाली चांदी, हीदरखाली उपासमार. ब्रॅकनला खोल, निचऱ्याची माती लागते, आणि त्या उतारावरची तशी माती माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली होती. शेण, राख, पडक्या भिंतींची ढेकळं, चुलीच्या धुराने काजळलेलं छपराचं गवत, सगळं शेतात जायचं. शेती थांबून दोनशे वर्षं झाली, पण ती जमीन अजून उपाशी नाही. पट्ट्यात पाय ठेवताच तिरप्या उन्हात सऱ्या-वरंबे दिसू लागले. कास-क्रोम नावाच्या वाकड्या पाय-नांगराने काढलेले, एकमेकांना लागून. ओट आणि बेअर नावाचं जव व्हायचं. पुढे बटाटाही आला. वर अर्धगोल वळलेला दगडमातीचा बांध: आत पीक, बाहेर गुरं. उन्हाळ्यात बायका-पोरी गुरं घेऊन त्याच्याही वर, डोंगरातल्या झोपड्यांत राहायला जात, लोणी-चीज करत.

घरं आम्ही पटापट नोंदवली. लांबट, उताराच्या दिशेने बांधलेली. वरच्या बाजूला माणसं, खालच्या बाजूला गुरं, म्हणजे गोठ्याचं पाणी आपोआप बाहेर. तिन्ही आराखड्यात होतीच.

मेंढपाळ मात्र बांधाच्या बाहेर, ओढ्यावरच्या एका उंचवट्यापाशी थांबले. कोकरं वाऱ्याला इथे दडतात, म्हणून वडिलांनी त्यांना ही जागा लहानपणीच दाखवली होती. त्यांनी गुडघे टेकून वाळका नेचा ओढून काढला. खाली दगडांनी बांधलेला वाडग्यासारखा खड्डा होता, वर रुंद, खाली निमुळता. त्यांनी उताराच्या बाजूच्या भोकात खांद्यापर्यंत हात घातला. "आत मोकळं आहे अजून." मी टॉर्च मारली. एकेक दगड नीट बसवलेली नळी, वर सपाट दगडाचं झाकण आणि तोंडाशी जाळाने तांबडे पडलेले दगड.

धान्य वाळवायची भट्टी! या मुलखात ओट कापणीला येतात तेव्हा पाऊस संपलेला नसतो. ओलं धान्य जात्यात दळलं जात नाही, कणगीत टिकत नाही. मग खड्ड्यावर काठ्यांची जाळी, तिच्यावर पेंढा, त्यावर धान्य पसरायचं आणि नळीच्या लांबच्या तोंडाशी पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली जळाऊ माती, जाळायचा. नळी लांब, कारण ठिणगी पेंढ्यापर्यंत पोचली तर वर्षाचं अन्न जळायचं. कुणीतरी रात्रभर जाळाशी बसत असणार. त्या नळीत हात घातल्यावर मला त्या माणसाची काळजी जितकी कळली तितकी कुठल्याही कागदाने कळली नव्हती.

"चौथं वर्तुळ टाकते," अधिकारी म्हणाली.

मी नाही म्हटलं. गाव म्हणजे चार पडक्या भिंती नव्हेत. घर, शेत, बांध, भट्टी आणि त्यांना जोडणारी वाट, हे सगळं मिळून गाव होतं. वर्तुळं राखून मध्ये पाइन लावले तर मुळं वरंबे फोडतील आणि घरं रानात हरवतील. जेवणाच्या सुट्टीत मी दोघांना रोझलला नेलं. स्ट्रॅथनेव्हरमधल्या या उठवलेल्या गावाचं 1962 मध्ये होरेस फेअरहर्स्ट यांनी उत्खनन केलं. तेव्हा वनखात्याने भोवती झाडं लावली, पण बांधाच्या आत एकही नाही. त्यामुळे आज तिथे उभं राहिलं की अख्खं गाव डोळ्यांत मावतं.

तिथे बोलणं जाळपोळीवर येणारच होतं. ही सगळी जमीन सदरलँडच्या काउंटेस एलिझाबेथ आणि त्यांचे पती लॉर्ड स्टॅफर्ड यांची. चेव्हियट मेंढ्यांचा खंड माणसांच्या खंडापेक्षा भारी पडतो म्हणून खोरं रिकामं करवलं. 1814 च्या जूनमध्ये कारभारी पॅट्रिक सेलरच्या माणसांनी घरं पेटवली. आढी-वासे जाळले की माणूस परतत नाही, कारण या भागात लाकूड दुर्मीळ. शंभरीला टेकलेली मार्गारेट मॅके त्या धामधुमीत घराबाहेर काढली गेली आणि काही दिवसांत वारली. 1816 मध्ये इन्व्हरनेसला खटला चालला, सेलर निर्दोष सुटला. रिकाम्या झालेल्या जमिनीवर त्याचीच मेंढरं चरली. रोझलचा गवंडी डोनल्ड मॅकलाउड याने पुढे लिहून ठेवलं की 1819 च्या जाळपोळीत एका रात्री टेकडीवरून त्याने 250 जळती घरं मोजली. माणसं उत्तर किनाऱ्यावर, वाऱ्यात, तुकड्या-तुकड्यांच्या जमिनीवर जाऊन पडली.

मेंढपाळ बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझे वाडवडील इंग्लंडच्या सीमेकडून चेव्हियट घेऊनच आले. इथून हाकलले त्यांच्यातला मी नाही, हाकलल्यावर जे आले त्यांच्यातला आहे. पण त्या भिंती मी पडू दिल्या नाहीत."

ते खरंच होतं. मेंढरं चरली म्हणून बर्चची रोपं भिंतींत रुजली नाहीत. कुंपण घालून चराई बंद केली तर काही वर्षांत ब्रॅकन आणि झुडपं सगळं गिळतील, एकही झाड न लावता. माझ्या मनात तोवर फक्त यंत्र होतं. हा धोका त्यांनी दाखवला.

संध्याकाळी गाडीच्या बॉनेटवर नकाशा पसरून अधिकारीने वर्तुळं खोडली आणि बांधाच्या बाहेरून एकच रेघ ओढली. भट्टीपाशी ती ओढ्याकडे फुगवून घेतली. क्षेत्र कमी झालं, वरिष्ठांना कारण द्यावं लागणार होतं. ते मी माझ्या अहवालात चार पानं घालून दिलं. चराई बांधाच्या आत चालू राहील, मेंढरं त्यांचीच. हरणांसाठीच्या कुंपणाला गेट कुठे ठेवायचं यावर मात्र अधिकारी आणि मेंढपाळ यांच्यात अर्धा तास वाद झाला, कारण ठेकेदाराला ते रस्त्याजवळ हवं होतं. शेवटी ते बांधातल्या जुन्या खिंडारासमोर ठरलं. गुरं डोंगरावर न्यायची गावाची वाट तिथूनच निघायची, आणि मेंढरं आजही तिथूनच जातात.