७४१च्या पोटातले बॉब वाइडलर

इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्या बहुतेक मराठी विद्यार्थ्यांनी, मग ते तंत्रनिकेतनातले असोत की अभियांत्रिकी महाविद्यालयातले, ७४१ हा ऑप-ॲम्प, म्हणजे दोन व्होल्टेजमधला फरक अनेक पटींनी वाढवणारी चिप, कधी ना कधी ब्रेडबोर्डवर लावलेला असतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर काही रुपयांत मिळणारी ती आठ पायांची काळी आयसी प्रयोगवहीत एका त्रिकोणाने दाखवायची आणि पुढे जायचे, असा आपला शिरस्ता आहे. त्या त्रिकोणाच्या आतली आकृती पाठ्यपुस्तकात दिलेली असते, पण परीक्षेच्या धाकाने ती पाठ केली जाते आणि मग विसरली जाते. त्या आकृतीत, एका ट्रान्झिस्टरच्या एमिटर या टोकाखाली, ५ किलोओहमचा एक रेझिस्टर आहे. त्याचा जोडीदार ट्रान्झिस्टर अगदी तसाच आहे, पण त्याच्या एमिटरखाली काहीच नाही. ७४१ची रचना डेव्ह फुलागार यांनी १९६८ साली फेअरचाइल्ड या अमेरिकी चिप कंपनीत केली. तो एकटा रेझिस्टर मात्र ज्या विचारातून आला, तो विचार बॉब वाइडलर या अमेरिकी अभियंत्याचा आहे.

वाइडलर यांच्याबद्दल इंटरनेटवर जे लिहिले जाते, त्यात त्यांच्या विक्षिप्तपणाचे किस्से भरपूर आणि त्यांच्या मंडलांविषयी (सर्किटांविषयी) जेमतेम दोन ओळी असतात. मला हे प्रमाण उलटे असावे असे मनापासून वाटते, म्हणून सुरुवात रेझिस्टरपासूनच करतो.

७४१च्या पहिल्या टप्प्याला अत्यंत कमी, म्हणजे सुमारे १९ मायक्रोॲम्पिअर इतकाच प्रवाह लागतो. अधिक १५ आणि उणे १५ व्होल्टच्या पुरवठ्यावर हा प्रवाह सरळ एका रेझिस्टरने मिळवायचा, तर तो रेझिस्टर जवळपास दीड मेगाओहमचा असावा लागेल. सुटे भाग जोडून मंडल तयार करणाऱ्याला यात काहीच अडचण नाही, कारण दीड मेगाओहम आणि दीड किलोओहम यांची किंमत सारखीच असते. सिलिकॉनच्या चिपवर मात्र रेझिस्टर म्हणजे लांबच लांब नागमोडी पट्टी; दीड मेगाओहमची पट्टी चिपचा मोठा भाग गिळून टाकेल आणि तरीही तिची किंमत नेमकी येणार नाही. वाइडलर यांनी याची उलट बाजू पाहिली. चिपवर एकमेकांशेजारी घडवलेले दोन ट्रान्झिस्टर जवळजवळ जुळे असतात, आणि एकाच तापमानात राहतात. सुट्या भागांत असा जुळेपणा पैसे मोजूनही सहज मिळत नाही. चिपवर तो आपसूक मिळतो. सामान्य तापमानाला ट्रान्झिस्टरच्या बेस (प्रवाह नियंत्रित करणारे टोक) आणि एमिटरमधला दाब, म्हणजे व्होल्टेज, ६० मिलिव्होल्टने कमी केला, की प्रवाह दहापट कमी होतो. म्हणून ३९ किलोओहमच्या आटोपशीर रेझिस्टरने पहिल्या ट्रान्झिस्टरमध्ये ०.७३ मिलिॲम्पिअर प्रवाह सोडायचा, दोघांचे बेस एकत्र बांधायचे, आणि दुसऱ्याच्या एमिटरखाली ५ किलोओहम ठेवायचे. त्या रेझिस्टरवर सुमारे ९५ मिलिव्होल्ट अडतात आणि दुसऱ्या ट्रान्झिस्टरमधला प्रवाह अडतीस पटींनी कमी होऊन १९ मायक्रोॲम्पिअरवर येतो. दीड मेगाओहमचे काम एकूण ४४ किलोओहममध्ये झाले. हाच ‘वाइडलर करंट सोर्स’. त्याचे पेटंट १९६७ साली मिळाले. ज्या सामग्रीवर काम करायचे तिला काय जमत नाही आणि काय उत्तम जमते हे आधी नीट ओळखायचे, ही वाइडलर यांची खरी पद्धत, आणि त्यांच्या पुढच्या प्रत्येक रचनेत ती दिसते.

रॉबर्ट जॉन वाइडलर यांचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे झाला. वडील वॉल्टर हे स्वतःच्या हिमतीवर शिकलेले रेडिओ अभियंता होते. हवाई दलात असताना वाइडलर तंत्रज्ञांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवत, आणि नोकरी करत करत त्यांनी १९६३ साली कोलोरॅडो विद्यापीठाची पदवी घेतली. त्याच वर्षी ते कॅलिफोर्नियात फेअरचाइल्डमध्ये आले. मुलाखतीतच त्यांनी कंपनीच्या ॲनालॉग कामाला अत्यंत शेलक्या शब्दांत नावे ठेवली, असे सांगितले जाते, आणि तरीही त्यांना घेतले गेले. तिथे त्यांना डेव्हिड टॅलबर्ट भेटले. टॅलबर्ट हे प्रक्रियेतले, म्हणजे प्रत्यक्ष सिलिकॉन घडवण्यातले जाणकार. वाइडलर यांनी कागदावर जे मांडले ते टॅलबर्ट यांच्या भट्टीतून बाहेर पडले नसते, तर त्या कागदांना काही अर्थ नव्हता. वाइडलर यांचे नाव घेताना टॅलबर्ट यांचे नाव गाळणे मला अन्यायाचे वाटते.

या जोडीने १९६४ साली ७०२ हा ऑप-ॲम्प बाजारात आणला. एकाच चिपवरचा पहिला व्यावसायिक ऑप-ॲम्प म्हणून तो सहसा ओळखला जातो. पाठोपाठ १९६५ साली ७०९ आला, आणि त्याने फेअरचाइल्डला भरपूर पैसा मिळवून दिला. ७०९ वापरणे मात्र सोपे नव्हते. त्याला स्थिर ठेवायला बाहेरून दोन कपॅसिटर आणि एक रेझिस्टर लावावे लागत, आणि आउटपुट चुकून शॉर्ट झाले तर तो जळून जाई. १९६५च्या अखेरीस दोघेही फेअरचाइल्ड सोडून बाहेर पडले. नोकरी सोडताना भरायच्या लांबलचक प्रश्नावलीत वाइडलर यांनी, मला श्रीमंत व्हायचे आहे, एवढेच लिहिले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पुढे नॅशनल सेमीकंडक्टर या कंपनीत १९६७ साली त्यांनी एलएम१०१ हा ऑप-ॲम्प काढला आणि ७०९मधले सगळे दोष एकामागून एक दूर केले. शॉर्ट सर्किटपासून संरक्षण आले आणि बाहेरच्या तीन भागांऐवजी ३० पिकोफॅरॅडचा एकच कपॅसिटर पुरू लागला. तोच कपॅसिटर चिपच्या आत नेऊन आणि पहिला टप्पा आपल्या पद्धतीने मांडून फुलागार यांनी ७४१ घडवला, आणि जगभरच्या प्रयोगशाळांत तोच रुजला.

किस्से अजिबात टाळावेत असे माझे म्हणणे नाही, कारण त्यांतले काही त्यांच्या कामाशी घट्ट जोडलेले आहेत. मोडक्या भागाचे किंवा फसलेल्या मंडलाचे ते हातोड्याने कुटून अक्षरशः चूर्ण करत. नॅशनलमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी या कृतीला त्यांचेच नाव देऊन टाकले होते. बिघडलेला भाग खणात परत ठेवला, तर तो पुन्हा कुणाच्या तरी हाती लागून दिवस वाया घालवतो, हे ज्याने प्रयोगशाळेत अनुभवले आहे त्याला या वागण्यात वेडेपणा दिसणार नाही. त्यांच्या खोलीत त्यांनी स्वतः बनवलेले एक यंत्र होते. कुणी आवाज चढवून बोलू लागले, की ते अतिशय बारीक, तीव्र सूर काढी. बोलणारा आपल्या कानात काही वाजते आहे का म्हणून थांबला, की तेही थांबे. शांततेची त्यांना खरोखर गरज होती, आणि ती मिळवण्यासाठीही त्यांनी मंडलच बांधले. कंपनीने काटकसर म्हणून हिरवळ कापणे थांबवले, तेव्हा त्यांनी आपल्या गाडीतून मेंढी आणून ती अंगणात चरायला बांधली, ही घटना सर्वांत जास्त सांगितली जाते. यात गंमत आहेच, पण व्यवस्थापनाला खरी भीती वाटावी असा अभियंता तो होता, म्हणून ती गंमत खपवून घेतली गेली.

त्यांचे मद्यपान मात्र मला त्या गमतीच्या यादीत घालावेसे वाटत नाही. ते फार पीत आणि त्यापायी माणसांशी भांडणे होत. प्रतिभेची किंमत म्हणून हे हसत हसत सांगणाऱ्यांशी मी सहमत नाही. त्यांच्या मंडलांत एक भागही फाजील नसे, आणि ती शिस्त दारूतून आलेली नव्हती.

१९६९ सालचा एलएम१०९ हे त्या शिस्तीचे माझ्या मते सर्वोत्तम उदाहरण आहे. तीन पायांचे ५ व्होल्टचे हे रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणारी चिप, एक ॲम्पिअरपर्यंत प्रवाह देई आणि फार तापले तर स्वतःच बंद होई. आपण आज सर्रास वापरतो तो ७८०५ याच परंपरेतला. अडचण अशी होती, की एवढ्या प्रवाहाने चिप तापणार, आणि तापलेल्या चिपवर स्थिर व्होल्टेज आणायचे कुठून? ट्रान्झिस्टरचा बेस-एमिटर दाब अंशामागे साधारण २ मिलिव्होल्टने घटतो. वेगवेगळ्या प्रवाहघनतेवर चालणाऱ्या दोन ट्रान्झिस्टरमधला दाबाचा फरक मात्र तापमानाबरोबर वाढतो. हा फरक योग्य पटीत वाढवून त्या घटत्या दाबात मिळवला, की बेरीज सुमारे १.२ व्होल्टवर स्थिर राहते. या कल्पनेची सुरुवात फेअरचाइल्डमधल्या डेव्हिड हिल्बिबर यांनी १९६४ साली केली होती. तिला विकता येईल अशा चिपचे रूप दिले ते वाइडलर यांनी. ज्या तापमानबदलाला सगळे डिझायनर शत्रू समजत, त्याच्याच दोन बाजू त्यांनी एकमेकींविरुद्ध उभ्या केल्या. आज मोबाइलपासून मोटारीपर्यंतच्या असंख्य चिपमध्ये हाच स्थिर व्होल्टेजचा स्रोत, म्हणजे ‘बँडगॅप रेफरन्स’, कुठल्या ना कुठल्या रूपात आहे. आणि मुळाशी पाहिले तर हा त्या ५ किलोओहमच्या रेझिस्टरचाच विचार आहे, कारण तिथेही दोन जुळ्या ट्रान्झिस्टरमधला दाबाचा फरकच काम करत होता.

१९७०च्या अखेरीस, तेहतिशीत, नॅशनलचे शेअर विकून ते मेक्सिकोतील प्वेर्तो व्हायार्ताला राहायला गेले. श्रीमंत होण्याचा शब्द त्यांनी पाच वर्षांत खरा केला. पण काम सुटले नाही. सल्लागार म्हणून त्यांनी नॅशनलसाठी एलएम१० हा ऑप-ॲम्प घडवला, जो १.१ व्होल्टवर, म्हणजे जवळजवळ उतरलेल्या एका सेलवरही चालतो, आणि ज्याच्या पोटात २०० मिलिव्होल्टचा रेफरन्स आहे. १९८१ साली रॉबर्ट स्वान्सन आणि बॉब डॉब्किन यांच्याबरोबर ते लिनिअर टेक्नॉलॉजी या कंपनीच्या संस्थापकांत होते. तिथेही वाद झाले आणि ते बाहेर पडले. पुढे नॅशनलसाठीच त्यांनी १० ॲम्पिअर प्रवाह देणारा एलएम१२ हा ऑप-ॲम्प केला. २७ फेब्रुवारी १९९१ रोजी प्वेर्तो व्हायार्तामध्ये हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ५३ वर्षांचे होते. एलएम१० आणि एलएम१२ यांमध्ये, एकाच माणसाच्या हातून, जवळजवळ रिकाम्या सेलपासून दहा ॲम्पिअरपर्यंतचा सगळा प्रदेश येऊन गेला होता.