ई-कॅडहेरिन निगेटिव्ह म्हणजे आजार जास्त वाईट का?

"रिपोर्टात ई-कॅडहेरिन निगेटिव्ह आलंय. म्हणजे हा जास्त पसरणारा कॅन्सर का हो?" मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आणि स्तनाच्या कॅन्सरच्या बायोप्सीनंतर हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. बहुतेकदा विचारणारी पेशंटची मुलगी किंवा सून असते, आणि तिने आधीच इंटरनेटवर नको ते वाचलेलं असतं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते: नाही, एवढ्या एका ओळीवरून तसं ठरत नाही.

ई-कॅडहेरिन हे पेशीच्या कडेवरचं प्रथिन; निगेटिव्ह म्हणजे ते कॅन्सरच्या पेशींवर सापडलं नाही. शेजारशेजारच्या पेशींवरची ही प्रथिनं एकमेकांत अडकतात आणि दूधनलिकेचं अस्तर अखंड राहतं. ही पकड कॅल्शियम असेल तरच टिकते. कॅल्शियमवर टिकणारी ही पकड जपानच्या मासातोशी ताकेइची यांनी 1970च्या दशकात क्योटोमध्ये ओळखली.

स्तनाच्या दर 100 कॅन्सरपैकी 10 ते 15 लोब्युलर (दुधाच्या ग्रंथींच्या) प्रकारचे असतात. त्यातल्या बहुतेकांत हे प्रथिन नाहीसं झालेलं असतं. त्याचं सीडीएच1 हे जनुक या गाठींत बिघडलेलं सापडतं, हे 1995 साली बेल्जियममधल्या संशोधकांनी दाखवलं. ई-कॅडहेरिन असेल तिथे तपकिरी रंग धरेल अशी स्लाइड केली की हा प्रकार डोळ्यांना लगेच कळतो. निरोगी नलिकेच्या पेशींना तपकिरी कड दिसते, आणि त्यांच्या भोवती कॅन्सरच्या पेशी मुंग्यांच्या रांगेसारख्या एकामागे एक, कोऱ्या.

त्या अशा सुट्या शिरतात, म्हणून हाताला गोल, कडक गाठ लागतेच असं नाही. नुसता जाडसरपणा जाणवतो. मॅमोग्राफीतही तो निसटू शकतो. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. "गाठ नाही ना, मग बघू नंतर" असं म्हणणाऱ्या बायका उशिरा येतात.

आता दुसरी बाजू. स्तनाचे बहुसंख्य कॅन्सर डक्टल, म्हणजे दूधनलिकेचे असतात. त्यांच्या पेशी सहसा ई-कॅडहेरिन धरून असतात, आणि तरीही ते पसरतात! 2019 साली अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने उंदरांतल्या डक्टल गाठींमधून हे प्रथिन काढून टाकलं. पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या, पण वाटेत जास्त मेल्या, आणि दूरच्या अवयवांत कमी रुजल्या. रक्तातून घोळक्याने जाणाऱ्या पेशी एकट्या पेशींपेक्षा कितीतरी जास्त रुजतात, हेही 2014च्या एका अभ्यासात दिसलं होतं. शेजारी घुसणं आणि दूर जाऊन जगणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसऱ्या कामात पकड पेशीच्या उपयोगी पडते. हे कळल्यापासून "पकड सुटली की संपलं" हे वाक्य मला कुणी बोललेलं सहन होत नाही.

म्हणून रिपोर्टातली ती ओळ प्रकार ओळखण्यासाठी वाचा. उपचार ठरतात ते हार्मोन रिसेप्टर (हार्मोन पकडणारी पेशीतली प्रथिनं), हर-टू (पेशींची वाढ करवणारं प्रथिन), ग्रेड (पेशी निरोगी पेशींपेक्षा किती वेगळ्या दिसतात), गाठीचा आकार आणि काखेतल्या गाठी पाहून. लोब्युलर कॅन्सर बहुधा हार्मोन पॉझिटिव्ह असतात, आणि त्यांच्यासाठी हार्मोनविरोधी औषधं आहेत. ती वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. मध्येच सोडू नका, कारण हा आजार बऱ्याच वर्षांनीही परतू शकतो, कधी पोटाच्या आवरणात, कधी अंडाशयात किंवा आतड्यात. पोटाची नवी तक्रार सुरू झाली तर "ॲसिडिटी असेल" म्हणून घरी बसू नका.

ऑपरेशनआधी सर्जनना विचारा: आजाराचा खरा विस्तार कळण्यासाठी एमआरआय करायचा का? आणि घरात कुणाला जठराचा कॅन्सर झाला असेल तर तेही न विसरता सांगा. सीडीएच1चा दोष काही घराण्यांत जन्मजात असतो, त्याने जठराच्या कॅन्सरचाही धोका वाढतो, आणि मग तपासणी तुमच्या बहिणीची आणि मुलांचीही करावी लागू शकते.