काळ्या घोड्याला किती?

मे महिन्यात बडोद्याहून करजण तालुक्यात गेले होते. ढाढर नदीकाठची गावं, पावसाळ्याआधी प्रत्येकाचा आपत्ती आराखडा नव्याने करायचा, असं काम. नव्याने म्हणजे बहुतेकदा गेल्या वर्षीच्या कागदावरची तारीख बदलायची. आधीच्या दोन गावांत मीही तेच केलं होतं, खोटं कशाला बोलू.

तिसऱ्या गावात तलाटीभाईंनी एका निवृत्त मास्तरांच्या ओसरीवर बसवलं. गायकवाडीत त्यांचे आजोबा शाळेवर आले ते इथलेच झाले. मास्तरांची मराठी पक्की, फक्त हेल गुजराती. फॉर्मात ‘सुरक्षित निवारा’ या रकान्यात प्राथमिक शाळा लिहिलेली. ते हसले. "ताई, २०२४च्या ऑगस्टात त्या शाळेतली बाकं तरंगताना पाहिली आहेत मी."

माझ्या नकाशावर शाळा आणि गाव एकाच रंगात होते. उपग्रहावरून काढलेली उंची ३० मीटरच्या चौकोनाला एकच आकडा देते, तोही काही मीटर इकडेतिकडे. इथे भानगड फुटांची. मग गवंड्याची पारदर्शक नळी मागवली, पाणी भरलं (दोन्ही टोकांना ते एकाच पातळीला राहतं), बुडबुडे अंगठ्याने टिचकी मारून काढले. एक टोक मास्तरांच्या हातात, एक माझ्या. शाळेच्या उंबरठ्यापासून देवळाच्या ओट्यापर्यंत सहा टप्पे. ओटा सव्वाचार फूट उंच निघाला.

शाळा खाली का, हे मास्तरांनी एका वाक्यात सांगितलं: "सरकारला जागा फुकट कोणती मिळणार? जिथे कोणी घर बांधलं नाही ती." तलावाच्या काठची.

मग त्यांनी आतून जुनं कॅलेंडर आणलं. पाठीमागे पेन्सिलीने नोंदी. मुलगा दांडिया बाजारात राहतो. पावसात मास्तर त्याला रात्री फोन करून एवढंच विचारतात, "काळ्या घोड्याला किती?" विश्वामित्रीची पातळी शहरात काळाघोडा पुलाशी मोजतात, धोका २६ फुटांवर. त्या ऑगस्टात ती ३५च्या वर गेली होती. पावागडाकडून येणारं हे पाणी शहर ओलांडून पिंगळवाड्याजवळ ढाढरला मिळतं. ढाढर आधीच तुडुंब असली की त्याला पुढे वाट नसते, ते शेतांत पसरतं. मास्तरांनी पुलावरचा आकडा आणि आपल्या पायरीला पाणी लागल्याची वेळ शेजारीशेजारी टिपलेली. अशा तीन पावसाळ्यांच्या नोंदी. तालुक्याच्या आराखड्यात याच्या जवळपास जाणारं काही मला दिसलं नव्हतं. फॉर्मात रकाना नव्हता, म्हणून शेऱ्यात सगळं उतरवलं.

निवाऱ्याच्या जागी देऊळ लिहायला पेन टेकवलं आणि सहज विचारलं, "नदीकडच्या फळियातली, त्या वस्तीतली माणसं येतील ना ओट्यावर?" तलाटीभाई मोबाइल बघू लागले. मास्तरांनी कॅलेंडरची गुंडाळी केली, सोडली, पुन्हा केली. सर्वांत आधी पाणी शिरतं ते त्याच फळियात.

"येणार नाहीत," ते म्हणाले, "आणि येऊ देणारही नाहीत."

मी पेन उचललं. सकाळ-संध्याकाळ सगळ्या गावाचे कॅन एकाच रांगेत कुठे लागतात, असं विचारल्यावर तलाटीभाईंनीच बोट दाखवलं. दूध मंडळीची इमारत. नळीतलं पाणी सांडू न देता आम्ही तिकडे निघालो.