बर्फाचा रस्ता, वजनाचा फॉर्म आणि वाया गेलेले नऊ दिवस

त्या फॉर्मवरचा 'एकूण वजन' हा रकाना आठवला की अजून डोकं तापतं. कॅनडाच्या उत्तरेला, येलोनाइफ शहराच्याही पुढे, हिऱ्यांच्या एका नव्या खाणीची उभारणी चालू होती. तिथे माल पोचवायची जबाबदारी माझ्याकडे होती. उद्या कुणी आपला माणूस अशा कामावर गेला तर त्याचे तरी नऊ दिवस वाचावेत म्हणून लिहितोय.

तिकडे बारमाही रस्ता नाही. हिवाळ्यात तलाव गोठले की टिबिट तलावापासून उत्तरेकडे बर्फावरून रस्ता काढतात. १९८२ साली एका सोन्याच्या खाणीसाठी तो पहिल्यांदा केला, पुढे एकाटी (१९९८) आणि डायविक (२००३) या हिऱ्यांच्या खाणी त्याच्याच जिवावर उभ्या राहिल्या. डिझेल, सिमेंट, यंत्रं, वर्षाची सगळी रसद फेब्रुवारी-मार्चच्या आठ-दहा आठवड्यांत न्यायची. २००६ साली हिवाळा ऊबदार गेला, रस्ता लवकर बंद झाला आणि राहिलेला माल विमानाने न्यावा लागला. त्या वर्षाची धास्ती तिथले जुने लोक अजून बाळगून असतात.

आमचा अडकलेला माल म्हणजे ३८ टनांचा पंप. तिकडचा हिरा बहुतेक तलावाखालीच सापडतो. हिरा ज्यात असतो तो किंबरलाइट हा खडक भोवतालच्या ग्रॅनाइटपेक्षा मऊ, त्यामुळे हिमनद्यांनी तो जास्त खरवडला, खड्डे पडले आणि त्यांत पाणी साठलं. म्हणजे आधी बांध घालायचा, पाणी उपसायचं आणि मग खोदायचं. पंप मार्चमध्ये पोचला नाही तर उन्हाळ्यातला उपसा बुडाला, आणि खाण सरळ एक वर्ष पुढे.

पाण्याचा परवाना, सुनावण्या, गावांशी करार, हे सगळं मी येण्याआधीच पार पडलं होतं. पंपही येलोनाइफपर्यंत विनातक्रार आला. गाडं अडलं ते वाहतूकदाराच्या डिस्पॅच ऑफिसात.

१४ मार्चला मी गाडी बर्फाच्या रस्त्यावर सोडण्यासाठीचा फॉर्म भरून पाठवला. एकूण वजनात पंपाचं वजन लिहिलं. दोन दिवसांनी फॉर्म परत, शेरा एकच शब्दाचा: 'अपूर्ण'. काय अपूर्ण, ते नाही. फोन केला तर ईमेल करा म्हणाले. ईमेल केला तर उत्तर नाही. मग पंप, ट्रेलर आणि ट्रक यांची कागदावरची वजनं जोडून ५७ टन लिहिले. १९ तारखेला पुन्हा परत. या वेळी शेरा होता, 'एक्सलवरील भार जोडा', म्हणजे चाकांच्या प्रत्येक आसावर किती वजन येतं ते. हेच पहिल्या दिवशी सांगायला काय हरकत होती? मी ट्रेलरच्या कंपनीकडून आकडे मागवले, त्याच रात्री फॉर्म पाठवला, आणि सकाळी आपोआप आलेलं उत्तर वाचलं: संबंधित व्यक्ती पाळी संपवून घरी गेली आहे, दोन आठवड्यांनी येईल.

दोन आठवड्यांनी रस्ताच नसणार होता! त्या जागी दुसरं कोण बसलंय, हे सांगायला कुणी तयार नव्हतं. बाहेर उणे पंचवीस, पण दुपारचं ऊन चढायला लागलेलं, आणि जड गाड्या आता फक्त रात्रीच सोडणार अशी सूचना लागलेली. रोज यार्डात जाऊन ताडपत्रीखालचा तो पंप बघायचो. झोप उडाली होती.

२२ तारखेला यार्डातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने विचारलं, "काटा केलास का?" चंद्रपूरला कोळशाच्या गाड्यांवर सहा वर्षं काढली मी. तिथे वजनकाट्याच्या पावतीशिवाय गाडी गेटबाहेर पडत नाही. इथे फॉर्मवर त्या पावतीचा उल्लेखही नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी भरलेली गाडी काट्यावर चढवली, एक्सलचा एकेक संच वेगळा तोलून घेतला. एकूण भरलं ५९.८ टन. डिझेलने भरलेल्या टाक्या, साखळ्या आणि ट्रेलरच्या पोटाला लगडलेला बर्फ, हे कागदावर कुठे होतं? मीटरभर जाडीच्या बर्फावर इतकं वजन घालायचं तर जवळपास तीन टनांचा फरक जिवावर बेतू शकतो. नियम रास्तच आहे, माझा राग तो न सांगण्यावर आहे. पावती घेऊन थेट ऑफिसात गेलो, काउंटरवरच्या बाईंनी वीस मिनिटांत सही दिली.

तेव्हा आधी काटा, मग फॉर्म. ईमेलवर विसंबू नका, स्वतः जा. आणि हो, पहिल्याच दिवशी विचारून घ्या की तुमच्या माणसाची पाळी कधी संपते आणि त्यानंतर कोण बसणार. जड माल फेब्रुवारीतच यार्डात आणून ठेवा, मात्र जायचा बेत मार्चचाच धरा, कारण सुरुवातीला बर्फ पातळ असल्याने हलक्याच गाड्या सोडतात.

त्या रात्री टिबिटच्या काठावर उभा होतो. चार ट्रकांचा गट, ताशी २५ किलोमीटरच्या आत. वेग वाढला तर बर्फाखाली पाण्याची लाट उठते आणि पुढचा बर्फ फोडते. आमचा ट्रक तलावावर उतरला तेव्हा बर्फ लांबवर कडकडत गेला. ड्रायव्हरने हात बाहेर काढून हलवला. मागचे दिवे दिसेनासे होईपर्यंत मी तिथून हललो नाही.

२८ मार्चला जड गाड्या बंद झाल्याची सूचना आली. पंप खाणीवर उतरून तेव्हा तीन दिवस झाले होते.