तुम्ही विचारलंत म्हणून: बाकीचे कुठे आहेत?

कार्यक्रम संपतो, मी खाली वाकून बासची टोकदार दांडी आत सरकवत असते आणि कुणीतरी शेजारी येऊन उभं राहतं. आधी छान झालं म्हणतात. ते मनापासून म्हणतात, मला कळतं. मग जरा घुटमळून विचारतात, "पण बाकीचे कुठे आहेत?"

कुणी म्हणतं, पियानो असता तर अजून रंगलं असतं. कुणाला वाटतं ड्रमरने ऐन वेळी दगा दिला. एकदा एका गृहस्थांनी फार हळुवारपणे विचारलं होतं, काही अडचण आहे का? मी डबल बास वाजवते, म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातलं ते उभं, माणसाएवढं, सगळ्यात खालच्या सुरांचं वाद्य. ती गाते, तिसरं कुणी नसतं. बारा वर्षं असंच चाललंय आणि बारा वर्षांत या प्रश्नाला मी इतकी उत्तरं दिली आहेत की ती एकमेकांशी जुळणारही नाहीत. म्हणून आज एकदाच, नीट.

आधी जे खरं नाही ते बाजूला काढते. मानधन दोघींतच वाटून घ्यावं म्हणून नाही. कुणाशी भांडण झालं म्हणून नाही. प्रयोग म्हणूनही नाही. हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं, कारण त्यात असं गृहीतच धरलेलं असतं की खरं गाणं दुसरीकडे कुठेतरी आहे आणि आम्ही त्यातले तुकडे काढून बघतोय. शिवाय हे आम्ही शोधलेलंही नाही. अमेरिकन जाझ गायिका शीला जॉर्डन यांनी १९६२ मध्ये आपला पहिला अल्बम रेकॉर्ड केला, तेव्हा गिटार आणि ड्रम्स दोन्ही हाताशी होते. तरी त्यातलं एक गाणं त्या स्टीव्ह स्वॅलोच्या एकट्या बासवर गायल्या. १९७७ मध्ये आरिल्ड आंदरसनबरोबर अख्खा अल्बमच तसा केला. पुढे हार्वी श्वार्ट्झ, मग कॅमेरॉन ब्राउन. २०२५ मध्ये, वयाच्या ९६व्या वर्षी त्या गेल्या, तोवर बास आणि आवाज एवढ्याच जोडीला त्यांनी अनेक दशकं दिली होती. इटलीत पेत्रा मागोनी आणि फेरूच्चो स्पिनेत्ती २००३ पासून हेच करत आले. त्यांची सुरुवात मात्र ठरलेला गिटारवाला आजारी पडला म्हणून झाली होती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. म्हणजे तुमची शंका अगदीच निराधार नसते. पण गिटारवाला बरा झाल्यावरही ते दोघंच राहिले, याचं उत्तर त्या आजारपणात सापडत नाही.

आता आणखी एका नेहमीच्या तक्रारीबद्दल: "मधलं रिकामं वाटतं." वाटतं, कारण ते असतं. माझी सगळ्यात जाड तार, ई, सेकंदाला साधारण ४१ वेळा थरथरते. सगळ्यात बारीक तार, जी, ९८ वेळा. गाणारीचा आवाज याच्या पुष्कळ वर. मधला जो पट्टा उरतो, तिथे एरवी पियानोवाल्याचे दोन्ही हात राहतात. मी तो भरायचा प्रयत्न केला तर काय होतं ते मला माहीत आहे, पहिली दोन वर्षं मी तेच करत होते. खालच्या तारांवर जवळजवळचे दोन सूर एकदम छेडले की चिखल होतो. म्हणून मी बहुतेक वेळा एकच सूर देते. समजा मी एफ हा सूर दिला आणि ती वर ए धरून आहे. झालं, ऐकणाऱ्याच्या कानात एफ मेजर हा कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचा गुच्छ, तयार. तिने ए-फ्लॅट, म्हणजे ए च्या लगेच खालचा सूर, धरला की तोच कॉर्ड मायनर, जरा उदास होतो. ठरवलं तिने, मी नाही. आता ती ए वरच थांबलेली असताना मी बोट सरकवून डी वर गेले, की तिचा सूर तोच राहतो आणि घर बदलतं. बी-फ्लॅटवर गेले तर त्याच ए ला वेगळीच ओढ लागते. पियानो असला की हे सगळं आधीच ठरलेलं असतं. तिने तोंड उघडण्यापूर्वी मेजर की मायनर याचा निकाल लागलेला असतो.

आणखी एक गोष्ट आहे. ती आधी सांगावी लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझ्या खालच्या एफ मध्ये एकटा एफ नसतो. त्या तारेत वरचे सूरही वाजत असतात आणि त्यातला पाचवा ए असतो. हा तारेतला ए पियानोवरच्या ए पेक्षा किंचित खाली असतो, १४ सेंट खाली. शेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरा, म्हणजे १४ किती ते लक्षात येईल. गायिका फक्त बासबरोबर गाते तेव्हा तिचा कान या तारेतल्या ए कडे जातो. पियानोच्या हिशेबाने ती थोडी खाली असते, माझ्या तारेच्या हिशेबाने बरोब्बर. हे सगळं मला पाठ होतं. शिकवतही होते.

तरी ती रात्र झाली.

साधारण दोनशे माणसांचा हॉल होता. तिला चार दिवस सर्दी होती. दुपारी साउंड चेकच्या वेळी तिने मफलर न काढताच दोन ओळी गुणगुणल्या आणि मला म्हणाली, "आज मला जरा धरून ठेव." मी म्हटलं, ठेवते. उत्तरार्धात एक संथ गाणं होतं. मुख्य गाण्याआधी त्याला १६ बारची, म्हणजे तालाच्या सोळा मात्रागटांची, प्रस्तावना आहे. ही प्रस्तावना आमच्याकडे ती एकटीच गाते, कुठलीही लय न धरता, बोलल्यासारखी. मी फक्त सुरुवातीला एफ देते आणि गप्प राहते. सोळावा बार संपला, मुख्य गाण्याचा पहिला शब्द आला, की त्या शब्दावर माझा एफ. एवढंच ठरलेलं.

एकटं गाताना आवाज हळूहळू उतरणं यात नवल काही नाही, चांगल्या चांगल्यांचा उतरतो. दहाव्या बारला मला कळलं की ती खाली सरकते आहे. तेराव्याला खात्री झाली. हॉलमधल्या कुणालाही कळलं नसणार, कारण ताडून बघायला दुसरा सूरच नव्हता. ती गात होती ते तिच्यापुरतं पूर्ण सुरेल होतं. तिचे डोळे मिटलेले होते, डावा हात स्टँडवर होता, आणि मी तिला बारा वर्षांत इतकं सुंदर गाताना क्वचित ऐकलं असेल. सर्दीमुळे आवाजाला एक खरखर आली होती. दोनशे माणसं श्वास धरून बसली होती.

माझ्याकडे तीन बार होते. दहापासून मोजलं तर सहा.

त्या वेळात मी काय केलं ते सांगते. मी ई तारेवर एफच्या जागी बोट ठेवलं आणि दाबलं. बरोबर एफच्या जागी, जिथे गेली कित्येक वर्षं ते बोट डोळे झाकून पडतं. सोळावा बार संपला. तिने पहिल्या शब्दाला सुरुवात केली आणि मी तार ओढली. हलक्या हातानेही नाही. धरून ठेव म्हणाली होती ना, म्हणून चांगली भक्कम.

तिचा शब्द माझ्या सुरावर आपटला. दुसरा शब्द नाही सुचत. पाऊण सेकंद असेल, पण त्या पाऊण सेकंदात हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं की काहीतरी चुकलंय आणि प्रत्येकाला वाटलं की ते तिचं चुकलंय. तिचे डोळे उघडले. शब्दाच्या मध्यावर तिने आवाज घसटत वर आणला, माझ्यापर्यंत. पुढचं सगळं गाणं तिने अगदी सुरात म्हटलं. अगदी सुरात, आणि दार लावून घेतल्यासारखं. त्यानंतर तीन गाणी होती. तिन्ही नीट झाली. टाळ्या झाल्या.

आतल्या खोलीत ती मफलर गुंडाळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला ऐकू येत होतं ना?"

"हो."

"कधीपासून?"

"दहाव्या बारपासून."

यावर ती काही बोलली नाही. त्यानंतर आठ महिने आम्ही एकत्र वाजवलं नाही.

माझ्याकडे रियाजाची वही असते. त्या रात्रीच्या पानावर एकच वाक्य आहे: "आज मी चुकले नाही." तेव्हा मला ते खरं वाटत होतं आणि आजही वहीतल्या त्या बाईशी, म्हणजे तेव्हाच्या माझ्याशी, भांडताना मला सहज जिंकता येत नाही. ती म्हणते, एफ ठरला होता, मी एफ दिला. ती म्हणते, धरून ठेव असं तूच ऐकलंस ना, मग सूर धरणं हेच बासचं काम आहे, नाहीतर बास कशाला? ती म्हणते, १४ सेंटचं मी समजू शकते, ते तारेतच असतं. पण ते १४ नव्हतं.

हे तिचं बरोबर आहे. तीन वर्षांनी मी रेकॉर्डिंग लॅपटॉपवर घेऊन मोजलं. प्रस्तावनेच्या शेवटच्या सुरावर ती ३५ सेंट खाली होती. एफही नाही, ई पण नाही. पियानोच्या दोन पट्ट्यांमधल्या फटीत. पियानोवाला असता तर त्याला तिथे जाताच आलं नसतं. त्याने एफ वाजवला असता, तीच टक्कर झाली असती आणि कुणी त्याला दोष दिला नसता. पण माझ्या बासला पडदे नाहीत. माझी तार खुंटीकडच्या पट्टीपासून घोडीपर्यंत सुमारे १०५ सेंटिमीटर आहे. त्या तारेवर ३५ सेंट म्हणजे दोन सेंटिमीटर. माझं बोट दोन सेंटिमीटर मागे जायला हवं होतं, बस. सहा बारांचा वेळ होता.

आता तुम्ही म्हणाल, आणि एकाने म्हटलंही, की पियानो असता तर मुळात तिचा आवाज उतरलाच नसता. सतत सूर कानावर पडत राहिला असता. खरं आहे. याला माझ्याकडे उत्तर नाही. तिला त्या रात्री जे सोसावं लागलं ते दुसऱ्या कुठल्याही संचात बहुधा सोसावं लागलं नसतं. मग मी पियानो का घेत नाही? कारण ती फट मला हवी आहे. तिथे जाता येतं हे मला त्या रात्रीमुळे कळलं, आणि मी गेले नाही हेही तेव्हाच कळलं. त्यानंतर प्रत्येक कार्यक्रमात मी तिच्या सुराकडे ज्या तऱ्हेने कान लावून असते, तसा मी चार जणांच्या संचात कधी लावला नव्हता. तिथे लावावा लागतच नाही. कुणीतरी सांभाळून घेतं.

हे लिहिताना जाणवतं की हे माझं कारण झालं. तिचं वेगळं असू शकतं. आठ महिन्यांनी फोन तिनेच केला. दुसऱ्याच कामासाठी केला होता, आणि शेवटी म्हणाली, पुढच्या महिन्यात एक हॉल मिळतोय, येतेस का? मी विचारलं, आणखी कुणी? ती म्हणाली, "कशाला?" यापुढे मी खोदून विचारलेलं नाही. "धरून ठेव" म्हणजे तिला नेमकं काय म्हणायचं होतं, हे मात्र मी एकदा विचारलं. आपण असं काही म्हटल्याचं तिला आठवतच नाही. म्हणजे तिला सूरच धरून हवा होता, अशीही शक्यता उरते. वहीतल्या बाईला हा मुद्दा फार आवडतो.

ते गाणं आम्ही पुन्हा केलेलं नाही. गाण्यांची यादी करताना मी ते कधी कधी सगळ्यात खाली लिहिते. ती खोडत नाही, वाचून कागद परत देते. मग ते राहून जातं.

घरी मी ते वाजवते. रेकॉर्डिंग लावते, तिची प्रस्तावना संपेपर्यंत बोट अधांतरी ठेवते, आणि शेवटचा सूर आला की ई तारेवर एफच्या दोन सेंटिमीटर मागे दाबते. माझा त्या रात्रीचा एफ स्पीकरमधून येतोच, तो मी कानाआड करायला शिकले आहे. पहिल्या शब्दाचं पहिलं अक्षर माझ्या सुरावर अलगद येऊन बसतं. इतकं नेमकं, की अंगावर काटा येतो. पुढे काय झालं असतं, ते गाणं खालीच राहून कसं फुललं असतं, की बोट न ठेवता वाजणाऱ्या मोकळ्या तारा त्या उतरलेल्या सुरात बसत नसताना माझीच त्रेधा उडाली असती, ते ऐकायला मी दरवेळी थांबते. पण दुसऱ्या अक्षरावर ती वर निघून जाते. त्या रात्रीच्या माझ्या एफकडे. आणि मी खाली, दोन सेंटिमीटर मागे, बोट दाबून उभी असते.