हिरव्या कार्नेशनची ऑर्डर

आमचं फुलांचं दुकान बेळगावात, बाजारपेठेत. लग्नसराईत हार, वेण्या, गाडी सजवणं आणि एरवी देवाची फुलं. जूनमध्ये धंदा मंदच असतो, पाऊस लागला की शेवंती दोन दिवसांत काळी पडते. अशात एक इंजिनिअरिंगचा पोरगा आला आणि म्हणाला, काकू, पांढरी कार्नेशन हिरवी करून मिळतील काय? म्हटलं निळी करते, गुलाबी करते, हिरवी कोण मागत नाही रे, हिरवं फूल पानात दिसत पण नाही. तर म्हणाला, म्हणूनच पाहिजेत.

कार्नेशन आमच्याकडे बेंगळूरहून रात्रीच्या बसने येतं, वीस दांड्यांचा बंच. रंगवायचं असेल तर दांड्या थोडा वेळ बिनपाण्याच्या ठेवायच्या म्हणजे तहानतात, मग तिरका काप द्यायचा आणि खायच्या रंगाच्या पाण्यात रात्रभर उभ्या करायच्या. सकाळी बादली बघितली तर पाकळ्यांच्या दातेरी कडा गच्च हिरव्या, खाली केसाएवढ्या बारीक हिरव्या शिरा आणि मधोमध अजून दुधी पांढरंच. मला स्वतःला काय फार आवडलं नाही, पण गिऱ्हाइकाला पाहिजे म्हटल्यावर विषय संपला.

न्यायला आला तेव्हा मी सरळ विचारलं की ही कसली फॅशन. आधी इकडंतिकडं बघितलं, मग सांगितलं. टिळकवाडीत मित्रांचा छोटा कार्यक्रम, जून म्हणजे प्राईडचा महिना, समलिंगी वगैरे लोकांनी आपलं असणं अभिमानानं साजरं करायचा. लंडनमध्ये 20 फेब्रुवारी 1892 ला ऑस्कर वाइल्ड या लेखकाच्या नाटकाचा पहिला प्रयोग होता, त्या रात्री त्याचे दोस्तलोक कोटाला हिरवं कार्नेशन लावून आले होते. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषांची ती खूण म्हणून पुढं ओळखली गेली, ज्याला कळायचं त्याला कळायचं, बाकीच्यांना नुसती हौस वाटायची. तीनच वर्षांनी, 1895 ला, त्याच कारणावरून वाइल्डला दोन वर्षं सक्तमजुरी झाली. म्हणजे खूण फुलात लपवून पण माणूस काय वाचला नाही. हे मी बोलले नाही, पोराच्या तोंडावर कशाला बोलायचं.

त्याच्याबरोबर एक मुलगी होती, कानावर मोठे हेडफोन आणि गळ्यात हिरवा पट्टा, त्यावर पिवळी सूर्यफुलं छापलेली. मी आपलं म्हटलं छान आहे गं, कुठून घेतलास. तिने माझ्याकडं न बघता सांगितलं, बेंगळूर एअरपोर्टवर मिळाला, मला ऑटिझम आहे. बाहेरून दिसत नाही असं अपंगत्व ज्यांना असतं त्यांच्यासाठी ही खूण, 2016 ला लंडनजवळच्या गॅटविक एअरपोर्टवर सुरू झाली. पट्टा दिसला की स्टाफने समजायचं, या माणसाला थोडा जास्त वेळ द्या, दोनदा सांगा, ओरडू नका. आमचा पोऱ्या तेव्हा शेवंतीचा भाव ओरडत होता, त्याला म्हटलं गप जरा, आणि टेप पण बंद केला. बेळगावच्या बाजारात तो पट्टा कोणाला कळणार म्हणा, पण मला तरी आता कळला होता.

तेवढ्यात आक्का आली. मंगळवार होता. ही सौंदत्तीच्या यल्लम्माची जोगती, म्हणजे देवीला सोडलेली, जन्म पुरुषाचा, आमच्याकडून कायम अबोलीची वेणी आणि झेंडू नेते, डोक्यावर परडी, कपाळभर भंडारा. लोक तिच्या पाया पडतात, जोगवा घालतात आणि राहायला खोली मागितली की दार लावतात, हे मी कित्येक वर्षं बघत आलेय. देवीला माणसं सोडायच्या प्रथेवर कर्नाटकात 1982 लाच बंदी आलीय, त्यामुळं उगीच भक्तिभावाचा देखावा मला करायचा नाही.

आक्काने बादली बघितली, वैनी हे काय विषारी रंगाचं केलायसा? पोरगा हसला, मग त्याने तिलाही सगळं सांगितलं आणि मला सांगताना अडखळला होता तेवढा अजिबात अडखळला नाही. आक्काने ऐकून घेतलं. मग मुलीच्या पट्ट्याकडं बोट दाखवून म्हणाली, हे बी तसलंच काय? मुलगी म्हणाली, नाही, हे लपवायला नाही, दाखवायला आहे. यावर आक्काने पदर बाजूला करून आपल्या गळ्यातली लाल-पांढऱ्या मण्यांची माळ दाखवली, माझं बी दाखवायचंच हाय बाई, पर हे बघितलं की लोक लांब सरकत्यात, तुझं बघून जवळ येत्यात काय? मुलीने खरंच विचार केला, बराच वेळ, कोणी मध्ये बोललं नाही, आणि म्हणाली, एअरपोर्टवर येतात, घरी नाही.

पोराने एक कार्नेशन आक्काला दिलं. तिने ते अबोलीशेजारी अंबाड्यात खोचलं आणि लगेच माझ्याशी झेंडूच्या भावावरून भांडायला लागली, दहा रुपये कमी करून घेतलेच.

जाताना पोरगा म्हणाला, काकू, सहा सप्टेंबरला परत पाहिजेत, 2018 ला त्या दिवशी सुप्रीम कोर्टाने 377 मधून, म्हणजे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलमातून, आम्हाला सोडवलं. म्हटलं बाबा, तो गणपतीच्या आसपासचा सीझन, फुलांचा भाव दुप्पट असतो, बेंगळूरचा माल मिळेलच असं नाही, ॲडव्हान्स आत्ताच टाक. त्याने तिथंच फोनपे केलं.